मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर मुंबईची चाळ आणि स्टेशन: किटशिवाय कसं उभं करायचं

प्रश्न डोंबिवलीहून आलाय, तो थोडक्यात असा. हॉलच्या भिंतीला लागून सहा फूट लांब, दीड फूट रुंद फळी आहे, तिच्यावर मॉडेल रेल्वेचे, एचओ मापाचे रूळ टाकून झालेत. मध्य रेल्वेवरचं एखादं छोटं लोकल स्टेशन आणि त्यामागे चाळ, एवढंच हवंय. इमारतींचे परदेशी, जोडायचे किट महाग पडतात आणि जोडून ठेवले की जर्मनीतलं खेडं दिसतं. स्वतः माउंटबोर्डाची, म्हणजे जाड कागदी पुठ्ठ्याची, एक इमारत केली होती, ती पहिल्याच पावसाळ्यात पापडासारखी वाकली. तेव्हा माल कुठला वापरायचा, मापं कुठून आणायची आणि सुरुवात कशापासून करायची?

मालाचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा, म्हणून तो नंतर घेतो. आपल्याकडची मॉडेल्स फसतात ती बहुतेक वेळा क्रमामुळे. मुंबईतली कुठलीही जुनी इमारत म्हणजे एकीवर एक चढलेल्या दोन इमारती असतात. पहिली कंत्राटदाराने बांधून दिलेली: सरळ भिंती, एका ओळीत खिडक्या, वर कौलं. दुसरी रहिवाशांनी पुढच्या साठ-सत्तर वर्षांत केलेली: पत्र्याचे छज्जे, बॉक्स ग्रिल, एसी, ताडपत्री, पाइपांचं जाळं. नवखा माणूस दोन्ही एकदम करायला जातो. भिंत कापतानाच तिला मोडकी करतो, खिडक्या मुद्दाम वाकड्या बसवतो. त्यातून जे तयार होतं ते जुनं वाटत नाही, गचाळ वाटतं. पहिली इमारत काटकोनात, स्वच्छ, एका मापाच्या खिडक्यांची करून पूर्ण रंगवा. मगच दुसरी तिच्यावर चढवा, आणि ती खरोखर ज्या क्रमाने चढली त्याच क्रमाने.

त्यासाठी आधी वर्ष ठरवावं लागतं. नक्की तारीख नको, पण दशक हवंच. विजेवर चालणारी पहिली लोकल व्हीटी ते कुर्ला धावली ३ फेब्रुवारी १९२५ ला, म्हणजे त्याआधीचं दृश्य करत असाल तर ओव्हरहेड वायरचे खांबच नकोत. गिरण्यांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. त्याआधीच्या परळ-लालबागमध्ये चिमणीला धूर आहे, नंतरच्यात चिमणी नुसती उभी. १९७० च्या चाळीवर डिश अँटेना दिसली की बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय ते त्याला सांगता येत नाही.

आता मापं. एचओ म्हणजे १:८७, आणि हे प्रमाण आपल्याला फार सोयीचं आहे, कारण एक फूट बरोबर साडेतीन मिलिमीटर. घराची मापं आपण अजून फुटांतच बोलतो. सात फुटांचा दरवाजा साडेचोवीस मिमी, दहा फुटांची खोली पस्तीस, साडेपाच फुटांचा माणूस एकोणीस. स्टीलच्या पट्टीवर कागदाची चिंधी चिकटवून साडेतीन-साडेतीनच्या खुणा करून ठेवा, कॅल्क्युलेटर लागणार नाही.

टेप घेऊन कुणाच्या दारात उभं राहायची गरज नाही. विटेचा थर सांध्यासकट साधारण तीन इंच, जिन्याची पायरी सहा-सात इंच, दरवाजा सात फूट. यांतली एक गोष्ट फोटोत नीट दिसली की बाकीचं मोजून काढता येतं. फक्त खालून वर बघून काढलेल्या फोटोत वरचे मजले बुटके होतात, तेव्हा पादचारी पुलावरून, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून फोटो काढा. करी रोड-चिंचपोकळीच्या पट्ट्यात पुलावर दहा मिनिटं थांबलात तर वर्षभराचं काम मिळेल. रुळांत उतरू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि पुलावरून दिसतं त्यापेक्षा जास्त काही तिथून दिसतही नाही.

चाळ कुठली करायची यावर माझं मत ठाम आहे: चाळीची पाठ करा. आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे चाळ म्हटली की लाकडी कठड्याची गॅलरी येते. पण गाडीतून बघा, बहुतेक ठिकाणी रुळांकडे चाळीची पाठच असते. मोरीच्या छोट्या खिडक्या, संडासांचा उभा बुरूज, बिडाचे पाइप, त्यांच्या सांध्यातून उगवलेला पिंपळ. हे खरं तर आहेच, शिवाय करायला सोपंही आहे, कारण सपाट भिंत आणि भोकं एवढंच पहिलं काम. गॅलरीचे शेकडो गज कापण्यात जो महिना जातो तो पाइपांवर घालवा. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, म्हणजे बीडीडी चाळींत तर गॅलरी नाहीच: तळमजला अधिक तीन मजले, मधून बोळ, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, आणि बाहेरून नुसत्या खिडक्यांच्या रांगा. पहिल्या इमारतीसाठी याहून चांगला नमुना नाही.

तुमच्या दीड फुटात दोन रूळ आणि एक फलाट बसवताना इमारतीसाठी मागे चार-पाच सेंटिमीटर ठेवा. ते पुरेत. अर्धीच इमारत करा, समोरची भिंत आणि छपराचा अर्धा उतार, मागून भिंतीला टेकलेली. लांबीत बिनदिक्कत काटछाट करा: एका रांगेत दहा खोल्या असतील तर सहा घ्या, कुणी मोजत नाही. उंचीत मात्र एक मिलिमीटरही चोरू नका. अकरा फुटांचा मजला धरून चार मजल्यांचे होतात १५४ मिमी, वर छप्पर. लोकलच्या डब्यामागे चाळ अंगावर आल्यासारखी उभी राहते तो परिणाम उंचीचा आहे. मजला कमी केला की ती बंगली होते.

गिरणीची चिमणी हवी असेल तर तिथे उलटा नियम. दीडशे फुटांची चिमणी एचओत सव्वापाचशे मिमी होते, ती पंख्यापर्यंत जाईल. तीच एन स्केलमध्ये, म्हणजे १:१६० ने करा. २८५ मिमीची चिमणी चाळीच्या मागे लावली की लांब वाटते. तिच्यावर तपशील कमी ठेवा, रंगात थोडा राखाडी-निळा मिसळा. तिच्या बुंध्याशी एचओची माणसं मात्र ठेवू नका.

फलाटाबद्दल विचारलं नाहीत, पण तिथे सगळे अडकतात म्हणून सांगतो. एचओचा रूळ १६.५ मिमी अंतराचा असतो, तो परदेशातल्या १४३५ मिमीच्या गेजसाठी. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा, म्हणजे एचओत तो १९.३ मिमी व्हायला हवा. या फरकावर झोप उडवून घेऊ नका. शेजारून बघताना तो कळत नाही. फलाटाची कड मात्र कळते. खऱ्या रेल्वेत दोन रुळांच्या मध्यापासून फलाटाची कड १६७० ते १६८० मिमीवर असते, म्हणजे मॉडेलमध्ये १९.३. लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद, त्याचा अर्धा २१ मिमी. म्हणजे लोकलचं अंग फलाटाच्या कडेवर थोडं येतं, आणि ते तसंच दिसलं पाहिजे. उंची जुन्या काळासाठी ७६० मिमी धरून पावणेनऊ मिमी, अलीकडच्या वाढवलेल्या फलाटांसाठी ९२० मिमीपर्यंत, म्हणजे साडेदहा. ही पुस्तकी मापं झाली. तुमच्याकडच्या सगळ्यांत रुंद डब्याच्या खालच्या, फलाटाच्या उंचीला येणाऱ्या भागाला पेन्सिल धरून तो हाताने ढकलत न्या, रेघ कुठे पडते ते बघा आणि कड तिच्याबाहेर ठेवा. वळणावर फलाट असेल तर हे करावंच लागतं, कारण डब्याचा मध्य आत येतो आणि टोकं बाहेर जातात.

कापायला बसण्याआधी बिस्किटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून सगळं ढोबळ करून फळीवर ठेवा. चाळ, स्टेशनचं छप्पर, पूल, सगळं. आठवडाभर तसंच राहू द्या, गाडी फिरवा, येता-जाता बघा. इमारत इकडची तिकडे हलवायची असेल तर ती पुठ्ठ्याची असतानाच.

मालाकडे येतो. माउंटबोर्ड वाकला यात नवल नाही. मुंबईच्या जुलैत कागदी वस्तू दोन्ही बाजूंनी बंद केली नसेल तर ती हवेतलं पाणी पिणारच, आणि फेविकॉल एकाच बाजूला फासलेला असेल तर ती सुकतानाच वळलेली असते. माझा भिंतीचा माल म्हणजे सनबोर्ड, तीन मिमीचा हलका प्लास्टिकचा बोर्ड. फ्लेक्स आणि बोर्ड छापणाऱ्यांकडे कात्रणांचा ढीग पडलेला असतो, विचारलं तर बहुतेक जण फुकट देतात. त्याला पाणी लागत नाही, साध्या कटरने कापला जातो, आणि बोथट टोकाने दाबलं की खूण कायमची उमटते. फेविकॉल त्याला धरत नाही. फेविक्विक वापरा, आणि आतून कोपऱ्यात चौकोनी काडी लावून काटकोन पक्का करा. एक इशारा: सनबोर्ड पीव्हीसीचा असतो, तो लेझरवर कधीही कापायला देऊ नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, माणसाच्या फुप्फुसाला वाईट आणि यंत्रालाही. आर्किटेक्चरच्या पोरांची मॉडेल्स कापून देणारे लेझरवाले तो घेतच नाहीत. त्यांच्याकडून आयव्हरी कार्ड किंवा पातळ अॅक्रिलिक कापून घ्या: खिडक्यांच्या चौकटी, झडपा, फलाटाच्या छताची कमान, जे जे एकसारखं पन्नास वेळा लागतं ते. भिंत हाताने, खिडक्या लेझरने, ही विभागणी मला सगळ्यांत पटते. अॅक्रिलिक चिकटवायला क्लोरोफॉर्म लागतो. खिडकी उघडी ठेवून आणि घरातली लहान मुलं दूर असताना.

कागदी भाग टाळता येत नाहीत, तेव्हा ते कापून झाल्यावर, चिकटवण्याआधी, दोन्ही बाजूंनी आणि कडांना लाकडाचा सीलर किंवा लाखेचं पॉलिश द्या. कडा लोक विसरतात आणि पाणी तिथूनच शिरतं.

स्टेशनची इमारत दगडी करणार असाल तर लीड नसलेली पेन्सिल किंवा संपलेलं बॉलपेन घ्या. थराची उंची आठ ते बारा इंच, म्हणजे साधारण सव्वादोन ते साडेतीन मिमी. आधी आडव्या रेघा पट्टीने, मग उभे सांधे हाताने, एकाआड एक सरकवून. कोपऱ्याचे दगड मोठे आणि सरळ. कुर्ल्याकडचा काळा बेसॉल्ट रंगवताना काळ्या रंगाची बाटली बंदच ठेवा. तपकिरी आणि गडद निळा मिसळून जो कोमट करडा मिळतो तो मूळ रंग. मग दहा-बारा दगड थोडे तपकिरी, थोडे हिरवट. सांध्यात पातळ फिक्का करडा सोडून वरून पुसून घ्या. मालाडचा पिवळा दगड असेल तर उलटं, पिवळा फार कमी आणि मळकट पांढरा जास्त.

छप्पर हा सगळ्यांत मजेचा भाग, कारण मुंबईचं मॉडेल बघणारा नेहमी वरून बघतो. साध्या पन्हाळी पत्र्याच्या दोन पन्हाळींतलं अंतर असतं साधारण ७५ मिमी, एचओत ०.८६. सिमेंटच्या पत्र्यांचं १४६, म्हणजे १.६८. आता नागदेवी स्ट्रीटवर जा आणि आट्यांची सळई मागा. एम-५ च्या, म्हणजे पाच मिमी जाड सळईच्या आट्यांतलं अंतर ०.८ मिमी, एम-१२ चं १.७५. पहिली साध्या पत्र्याला, दुसरी सिमेंटच्या पत्र्याला, दोन्ही जवळजवळ मापात. जुन्या माउस पॅडच्या रबरावर अॅल्युमिनियमची जाडसर फॉइल ठेवा, सळई दाबून एकदाच फिरवा. पन्हाळी उमटतील, पण सळईच्या दिशेशी काटकोनात उमटणार नाहीत, सुमारे तीन अंशांनी कलतील, कारण आटे मुळात तिरके फिरतात. म्हणून पत्रा कापताना फॉइलची कड धरू नका, उमटलेली पन्हाळ धरून कापा. एक मोठा तुकडा लावू नका; सव्वातीन-साडेतीन फूट रुंदीचे, सहा ते दहा फूट लांबीचे वेगवेगळे पत्रे कापा, एकमेकांवर थोडे चढवा, आणि प्रत्येक पाचवा-सहावा वेगळ्या गंजाचा ठेवा. फलाटावरचं दोन्ही बाजूंना वर उचललेलं, मधे पावसाच्या पाण्याची पन्हाळ असलेलं छप्पर याच सिमेंटच्या पत्र्याचं. त्याचे खांब आपल्याकडे पुष्कळदा जुन्या रुळांचेच असतात, तेव्हा रूळ टाकताना उरलेले तुकडे फेकू नका. कोड ८३ चा रूळ २.१ मिमी उंच, खरा, मीटरला ५२ किलोचा रूळ १५६ मिमी म्हणजे १.८. फरक नजरेत भरत नाही.

मंगलोरी कौलं मात्र वेळखाऊ आहेत. एक कौल साधारण सोळा इंच लांब, नऊ इंच रुंद. एकावर एक चढल्यावर दिसतो तो भाग सव्वातीन-साडेतीन मिमी. कार्डाच्या पट्ट्या कापून, खालच्या कडेला कौलांच्या रुंदीचे छेद देऊन, वळचणीपासून आढ्याकडे एकेक ओळ चिकटवत जायचं. एक-एक कौल कापणारे लोक आहेत. त्यांना माझा नमस्कार, पण दोन फुटांवरून बघणाऱ्याला पट्टी आणि कौल यांत फरक दिसत नाही. नजर टिपते ती निसटलेली तीन-चार कौलं, आणि जिथे कौलं काढून पत्रा टाकलाय तो चौकोन.

आता दुसरी इमारत, रहिवाशांची. आधी पाइप: चार इंची बिडाचा पाइप म्हणजे १८ गेजची तार, १.२ मिमी, तीन इंची म्हणजे २० गेज. प्रत्येक सहा फुटांवर जोडाचा फुगवटा, तिथे फेविकॉलचा बारीक थेंब. मग ग्रिल: खिडकीला लावतात त्या डासांच्या जाळीची भोकं दीड मिमीच्या आसपास, एचओत पाच इंच, म्हणजे नेमकी बॉक्स ग्रिलच्या चौकटीइतकी. तिचे खोके करून चांदीचा रंग द्या, सगळ्या खिडक्यांना लावू नका, आणि आत काहीतरी कोंबा. ग्रिलमध्ये कुणी कधी मोकळी जागा ठेवलीय? कुंड्या, बादली, मोडकी खुर्ची. त्यानंतर एसीचं बाहेरचं यंत्र, नऊ बाय सहा मिमीचा ठोकळा. डिश अँटेना सात मिमीची, फॉइलचा गोल तुकडा कशावर तरी दाबून. हजार लिटरची काळी टाकी बारा-तेरा मिमी व्यासाची, औषधाच्या बाटल्यांची झाकणं तपासत जा, सापडते. ताडपत्रीला निळी प्लास्टिकची पिशवी वापरू नका, तिची चमक आणि जाडी दोन्ही खोटी वाटतात. टिश्यू पेपर पातळ फेविकॉलमध्ये भिजवून छपरावर टाका, ओला असतानाच दोऱ्याने आवळा, वर विटांचे तुकडे, सुकल्यावर रंग. ताडपत्री आली म्हणजे दृश्य पावसाळ्याचं झालं, तेव्हा गच्चीवर वाळत घातलेल्या पापड-कुरडया नकोत.

मळवण्यात तीन नियम मी पाळतो. एक, फळीवर दिशा ठरवा. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूची भिंत शेवाळाने काळी-हिरवी, विरुद्ध बाजू तुलनेने कोरडी. इमारतीच्या चारही बाजू सारख्या मळवलेलं मॉडेल लगेच ओळखू येतं. दोन, रुळांलगत सगळ्यावर गंजाच्या रंगाची धूळ, ब्रेकची. फलाटाच्या उंचीपर्यंत दाट, पहिल्या मजल्याच्या वर जवळजवळ नाही. कोरड्या पेस्टल खडूची पूड मऊ ब्रशने. तीन, ओघळ नेहमी कशाच्या तरी खालून निघतो: खिडकीचा कट्टा, पाइपाचा जोड, एसी. उगाच मधूनच नाही. रंगाचे पोपडे हवे असतील तर आधी जुना रंग द्या, त्यावर केसांचा स्प्रे, त्यावर नवा अॅक्रिलिक. तो सुकल्यावर पाण्याने भिजवून कडक ब्रशने घासा, वरचा थर तुकड्यातुकड्याने सुटतो. चाळींना दर थोड्या वर्षांनी वेगळा रंग लागतो, म्हणून खाली निळा आणि वर पिवळा असे दोन थर ठेवले तर छान दिसतं.

स्टेशनची पिवळी पाटी संगणकावर करून फोटो कागदावर छापा, काळी अक्षरं, मराठी, हिंदी, इंग्रजी. मागून सँडपेपरने घासून कागद पातळ करा आणि वर मॅट वार्निश. नाव काल्पनिक ठेवलंत तर “हा पूल इथे नाही” असं सांगायला कुणी येणार नाही.

दिवे लावायचे असतील तर छप्पर बसवण्याआधी ठरवा. लॅमिंग्टन रोडवर तीन मिमीचे एलईडी सुटे मिळतात. बारा व्होल्टवर प्रत्येकाला एक किलोओहमचा रेझिस्टर पुरेसा होतो. सनबोर्डातून उजेड झिरपतो, म्हणून भिंतीला आतून काळा रंग द्या आणि खोल्यांच्या मधे काळ्या कार्डाचे पडदे. सगळ्या खिडक्या उजळवू नका, आणि सगळ्यांत एकच उजेड नको: काही ठिकाणी ट्यूबलाइटचा पांढरा, काही ठिकाणी बल्बचा पिवळा.

सुरुवात चाळीने करू नका, स्टेशनच्या इमारतीनेही नाही. आधी एक गुमटी, म्हणजे रुळांशेजारची छोटी खोली, करा, दहा बाय बारा फुटांची, म्हणजे ३५ बाय ४२ मिमी. एक दार, एक खिडकी, पत्र्याचं छप्पर, एक पाइप. हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या त्या खोपटात वरचं सगळं एकदा होऊन जातं, आणि बिघडलं तर एक संध्याकाळ जाते. कुठलीच इमारत फळीला चिकटवू नका. खाली दोन छोटी चुंबकं आणि फळीत दोन स्क्रू ठेवले तर जूनमध्ये सगळ्या उचलून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, झाकणाच्या डब्यात ठेवता येतात. रूळ पुसायलाही मग हात मागपर्यंत जातो.